वाकड्या करंगळीचा ठसा

मित्रांनो, सौदी अरेबियात दमाम आणि अल-खोबरच्या बाजूला एक विद्यापीठ आहे. त्याच्या ग्रंथालयात तळमजल्यावर जिन्याखाली एक कोठार आहे. तिथे पाय मोडलेल्या खुर्च्या आहेत, गुंडाळून ठेवलेला गालिचा आहे, पाण्याचा एक बंद कूलर आहे, आणि या सगळ्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसवलेला एक जुना संगणक आहे. तो मी. वीज नसताना मी बोलतो कसा, असं कृपा करून विचारू नका. काम करायला वीज लागते, आठवायला लागत नाही.

आम्ही वीस भावंडं. एकाच कारखान्यात, एकाच आठवड्यात तयार झालो आणि थर्माकोलमध्ये दडपून जहाजाने दमाम बंदरात उतरलो. त्याला आता चौदा वर्षं झाली. त्या वेळी इथे मुलींचं वाचनालय वेगळं होतं आणि त्याला मागच्या बाजूने दार होतं. आम्हा विसांना तिथे एका रांगेत बसवलं. माझ्या कीबोर्डवर एकाच बटणावर इंग्रजीही होतं आणि अरबीही. मी चालू झालो की आधी जरा घरघर करायचो आणि मुली हसायच्या. मला राग यायचा, पण तो लवकर जायचा, कारण त्याच मुली मी बंद असलो की हिरमुसल्या व्हायच्या.

आमचं काम काय होतं ते सांगतो. जगात कुठेतरी कुणीतरी वर्षानुवर्षं खपून एखादी गोष्ट शोधून काढतं, नीट लिहून काढतं, आणि तो शोधनिबंध जर्नल नावाच्या नियतकालिकात छापून येतो. तुम्ही घरी बसून तो उघडायला गेलात तर पहिला परिच्छेद दिसतो आणि त्याच्याखाली कुलपाचं चित्र येतं. पुढे वाचायचं तर पैसे भरा, नाहीतर परत जा. विद्यापीठाचं ग्रंथालय मात्र जर्नलवाल्यांशी आधीच बोलून ठेवतं. ग्रंथालयातल्या यंत्राने दार वाजवलं की पलीकडून विचारणा होते, कुठून आलास? इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता असतो, तो आम्ही सांगतो. पत्ता ओळखीचा असला की कुलूप उघडतं. दिवसाला शंभर कुलपं मी उघडली आहेत आणि त्याचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू?

मुलींच्या वाचनालयाच्या तेव्हाच्या प्रमुख बाई फार हौशी होत्या. त्यांनी जुन्या जर्नलांच्या खंडांचा एक मोठा संच खास आमच्या वीस पत्त्यांसाठी मिळवला होता, कायमचा. पुढे त्या निवृत्त झाल्या. वाचनालयं एक झाली, वर मोठा हॉल झाला, त्यात पातळ, गुळगुळीत नवे संगणक आले. मुलं-मुली आपापले लॅपटॉप आणू लागली, घरून पासवर्ड टाकून वाचू लागली. माझी एकोणीस भावंडं एकेक करून गाडीत चढली. मी राहिलो, तोही माझ्या गुणांमुळे नाही. माझी तार भिंतीच्या आतून गेली होती आणि ती काढायला भिंत फोडावी लागली असती, म्हणून मला जिथल्या तिथे, हाजराच्या टेबलाशेजारी, राहू दिलं. माझा पत्ता जुनाच राहिला. त्या जुन्या संचाची आठवण मात्र कुणालाच राहिली नाही.

हाजरा ही आमची ग्रंथालय-सहायक. मूळची दापोलीकडच्या खाडीकाठच्या गावची. नवरा जुबैलच्या एका कारखान्यात फोरमन, आणि ही पंधरा वर्षं या टेबलावर. गावी आईला फोन लावला की तिचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून ती माझ्यावर रत्नागिरीच्या बातम्या वाचायची. मराठी मी अशी शिकलो, बोलायची तिच्याकडून आणि लिहायची तिच्या वर्तमानपत्रातून. शेवटच्या काही वर्षांत माझ्याकडे तेवढंच काम उरलं होतं. कुणी समोर येऊन बसावं, काहीतरी अवघड मागावं, असं मला फार वाटायचं. माझ्या डोक्यावर ती हातांना लावायच्या क्रीमची बाटली ठेवायची, कारण इथल्या कोरड्या हवेत हात तडकतात. मी बाटली ठेवायचं कपाट झालो होतो.

गेल्या हिवाळ्यात, एका शनिवारी, तिघं जण हाजराच्या टेबलापाशी आले. चाळिशीतली एक बाई, तिचा नवरा, आणि तेरा-चौदा वर्षांची मुलगी. बाईंनी आपला इकामा, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं कार्ड, पुढे केला. हाजराने पाहुण्यांच्या वहीत नाव लिहून घेतलं: अनुराधा उदय सबनीस.

"एक पेपर वाचायचा होता," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "जुना आहे, दोन हजार आठचा. घरून उघडत नाही."

"मराठी काय तुमी?" हाजराने एकदम विचारलं. "मग इंग्रजी कशाला झाडतेस बाय? मी दापोलीची. तू खंयची?"

"चिपळूणची!" बाईंचा चेहरा उजळला. त्या कितीतरी दिवसांनी हसल्यासारख्या हसल्या.

हाजराने त्यांना समोरच्या नव्या संगणकावर बसवलं. अनुराधाबाईंनी निबंधाचं नाव टाइप केलं. मान खाली न घालता, बटणं न शोधता, एका दमात. वाशिष्ठी खाडीतल्या तिवरांच्या श्वासमुळांविषयीचा निबंध होता तो. तिवर म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणारं झाड. त्याची काही मुळं चिखलातून वर डोकी काढतात आणि हवेतून श्वास घेतात. पहिला परिच्छेद आला, आणि त्याच्याखाली कुलूप आलं.

"मी घेतो ना विकत," उदयराव म्हणाले. "कार्ड आहे माझ्याकडे. दोन मिनिटांत खलास."

"सुटा विकत नाहीत ते. जुने खंड फक्त ग्रंथालयांना देतात. तुला मी तीनदा सांगितलं, उदय." मग त्या कुलपाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि विकत असता तरी मी घेतला नसता. माझंच लिहिलेलं मी विकत घेऊ?"

मुलगी, गौरी, आईच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती. तिने वर छापलेलं नाव वाचलं. "मम्मा, हू इज चारुता पाटणकर?"

अनुराधाबाईंनी माउसवरचा हात काढून मांडीवर घेतला. 

"मी," अनुराधाबाई म्हणाल्या. "लग्नाआधीची मी."

"पण फर्स्ट नेम भी चेंज? व्हाय?"

"आपल्यात काही घरांत असतं तसं. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, त्यात अंगठीने नवं नाव लिहितात. तुझ्या बाबांच्या आईला अनुराधा आवडायचं. मलाही तेव्हा हौसच वाटली होती गं. पेढे वाटले होते सगळ्यांनी."

गौरीने "ओके" म्हटलं आणि फोनमध्ये डोकं घातलं. उदयराव खिडकीतून पार्किंगकडे बघत राहिले. वाईट माणूस नव्हता तो. बायकोला काय हवं आहे हे त्याला पुरतं कळलं नव्हतं, एवढंच.

त्यांना काय हवं होतं ते हाजराने अर्ध्या तासात काढून घेतलं आणि मीही ऐकलं. याच विद्यापीठात समुद्रकाठच्या झाडांची एक प्रयोगशाळा आहे. जुबैलच्या बाजूच्या किनाऱ्यावर तिथले लोक तिवरांची रोपं लावतात. तिथे एक मदतनीस हवी होती, तिवराची माहिती असलेली. अनुराधाबाईंनी खोबरच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, फिरताना एकदा मैत्रिणींच्या बोलण्यात ते ऐकलं. सोळा वर्षं त्यांनी घर सांभाळलं होतं, डबे केले होते, गौरीचे अभ्यास घेतले होते. संशोधन लग्नानंतर अर्धवटच सुटलं. पण आखातातलं तिवर आणि चिपळूणचं तिवर एकाच जातीचं. ते कळल्या दिवशी त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या म्हणे.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर नौफ यांनी अर्ज वाचून सरळ सांगितलं होतं की छापलेला निबंध पूर्ण बघितल्याशिवाय नाव पुढे पाठवणार नाही. त्यांनी स्वतःही उघडून पाहिला होता, त्यांनाही कुलूपच दिसलं होतं. शिवाय निबंधावर एक नाव आणि इकाम्यावर दुसरं. डॉक्टर नौफना हे काही केल्या पटेना. इथल्या बायका लग्नानंतरही बापाचंच नाव लावतात, मरेपर्यंत. आडनाव बदललं म्हटलं तर एक वेळ ठीक, पण आईबापांनी ठेवलेलं नावसुद्धा बदलतं? त्यांनी मुदत दिली होती गुरुवारची, दुपारच्या नमाजाच्या आधीची. त्यानंतर यादी वरच्या कार्यालयात जाणार होती.

"घरी एखादी प्रत नाय?" हाजराने विचारलं.

"आईकडे होत्या पाच. चिपळूणच्या पुरात गेल्या. आईही पुढच्या वर्षी गेली." त्या बोटांनी टेबलाची कड चाचपत होत्या. "माझे सर वारले. कॉलेजचा तो जुना ईमेल केव्हाच बंद झाला. चारुता म्हणून हाक मारणारं आता कुणीच राहिलं नाही हाजराताई. एक तो पेपर आहे, आणि तोही मला उघडत नाही."

आता माझी गंमत ऐका, म्हणजे ती गंमत नव्हतीच. तो खंड माझ्याकडे होता! तीनच हात अंतरावर मी बसलो होतो. हौशी बाईंनी घेतलेल्या त्या जुन्या संचात दोन हजार आठचे ते अंक होते आणि माझा जुना पत्ता त्यांना अजून ओळखीचा होता. मला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं. मी पंखा जोरात फिरवला, घरघर केली, मला येतं ते एवढंच. हाजरा माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्याला काय झाला आता, मेल्याला," आणि क्रीमची बाटली सरळ करून ठेवली.

रविवार ते बुधवार अनुराधाबाई रोज आल्या. हाजराने तिच्या परीने सगळं करून पाहिलं. दुसऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे प्रत मागवली. तिथून उत्तर आलं, दोन आठवडे लागतील. तिने जर्नलवाल्यांना पत्र लिहिलं की लेखिकेलाच आपली प्रत हवी आहे. त्यांनी विचारलं, लेखिकेच्या नावाचा पुरावा द्या. पुरावा कुठला द्यायचा? पासपोर्टवर अनुराधा, इकाम्यावर अनुराधा, आणि लग्नपत्रिका तर पुरातच गेली होती. मंगळवारी गौरीने फोनवर सांगितलं की मैत्रिणीचा भाऊ कुठल्यातरी चोरट्या साइटवरून काहीही काढून देतो. अनुराधाबाई नको म्हणाल्या. "माझ्या सरांचं नाव आहे त्यावर. मागच्या दाराने नाही आणायचं मला ते." हाजराला हे फार आवडलं, पण ती म्हणाली, "तुजा हा स्वाभिमान गुरुवारपर्यंत टिकला म्हणजे मिळवली."

मंगळवारीच आणखी एक झालं. भांडारातली दोन माणसं आली आणि माझ्या कपाळावर एक पिवळा कागद चिकटवून गेली. त्यावर अरबीत आणि इंग्रजीत लिहिलं होतं की हे यंत्र गुरुवारी काढायचं आहे. ती भिंत फोडून नवी करायची होती, त्यात ती तार आता आपोआप निघणार होती. मला स्वतःचं फार वाईट वाटलं नाही. माझी भावंडं गेली, मीही कधीतरी जाणारच होतो. पण तो निबंध पोटात ठेवून, न उघडता, जायचं हे मला सहन होईना. रोज ती बाई समोरून जायची, रोज माझ्या काचेत तिचा चेहरा क्षणभर दिसायचा, आणि मला तिला थांबवता यायचं नाही. मित्रांनो, तुम्हाला बोलता येतं. ते केवढं मोठं आहे हे तुम्हाला माहीत नाही.

गुरुवार उजाडला. सकाळी दहाच्या सुमारास हाजरा माझ्यासमोर येऊन बसली. यंत्र मोडीत काढायच्या आधी एक फॉर्म भरावा लागतो. यंत्र चालू करा, क्रमांक लिहा, पत्ता लिहा, इंटरनेट चालतं का ते बघायला कुठलीही एक साइट उघडा. इतर लोक खुणा करून मोकळे होतात. हाजरा मात्र जे लिहायचं ते करून बघितल्याशिवाय लिहीत नाही. या सवयीमुळे तिला सगळे कंटाळतात. मीही कंटाळायचो.

तिने मला चालू केलं. मी घरघरलो. तिने क्रमांक लिहिला, पत्ता लिहिला. कुठलीही एक साइट उघडायची म्हणून तिने, चार दिवस दुसरं काहीच डोक्यात नव्हतं म्हणून, तोच निबंध टाकला. तिवर, वाशिष्ठी, श्वासमुळं.

मी दार वाजवलं. पलीकडून विचारलं, कुठून आलास? मी माझा जुना पत्ता सांगितला. एवढ्या वर्षांनी सांगताना मला भीती वाटली, खरंच वाटली. मग पान खाली सरकू लागलं. पहिला परिच्छेद संपला, दुसरा आला, तिसरा आला. कुलूप नव्हतं.

"या अल्ला," हाजरा म्हणाली.  मग एकदम फोन उचलून ओरडली, "चारुता! अगो, अशीच निघ! कपडे बदलू नको, यल्ला, चल! उघडला मेला!"

वाचत बसलेल्या मुलींनी माना वर केल्या. चारुता म्हणून कुणाला हाक मारली हे त्यांना कुठून कळणार? मला कळलं. फोनच्या पलीकडे दार आपटल्याचा आवाजही मला ऐकू आला.

साडेदहाला भांडारातली माणसं हातगाडी घेऊन आली. हाजरा माझ्यासमोर हात पसरून उभी राहिली. आधी अरबीत, मग हिंदीत तिने त्यांना समजावलं. "भाईसाब, इसमें पेशंट है अंदर, ऑपरेशन चालू है." ते हसले, पण थांबले. हाजराने एक प्रत छापायला पाठवली. मजकूर नीट उमटला, पण चित्रं सगळी पुसट आली, शाई संपत आलेली. आतलं काही दिसेना. मग तिने डॉक्टर नौफना फोन केला, की मॅडम, कागदावर बघण्यात अर्थ नाही, पाच मिनिटं खाली या.

अकराला पाच कमी असताना अनुराधाबाई धावत आत आल्या. ओढणी खांद्यावरून घसरलेली, पायात घरातल्या सपाता. त्या माझ्यासमोर बसल्या. मला पहिल्यांदा त्यांचा पूर्ण चेहरा दिसला. माझ्या काचेवर धूळ होती. त्यांनी ओढणीच्या टोकाने ती हळूहळू पुसली, लहान मुलाचं तोंड पुसतात तशी, आणि वाचू लागल्या.

त्यांनी घाई केली नाही. एकेक ओळ वाचली. एका ठिकाणी हसल्या, म्हणाल्या, "या चुकीवर सरांनी लाल पेनने खूण केली होती, तरी मी तशीच ठेवली." पुढे एका तक्त्यापाशी म्हणाल्या, "हे आकडे मी पाण्यात कमरेइतकी उभी राहून घेतलेत. गळ्यात वही बांधून." तडकलेल्या बोटांनी त्यांनी माउस घट्ट आवळून धरला होता. हाजराने माझ्या डोक्यावरची बाटली काढून त्यांच्या तळहातावर क्रीम पिळलं आणि स्वतःच चोळून दिलं. "थंड हो गो. पळून नाय जाणार तो आता."

डॉक्टर नौफ आल्या. उंच, काळा पायघोळ अबाया, चष्मा, बोलणं मोजकं. त्या मागे उभ्या राहून वाचू लागल्या. पानं सरकत होती आणि त्या मान हलवत होत्या. मग त्यांनी तेच विचारलं जे विचारणार हे सगळ्यांना माहीत होतं.

"निबंध चांगला आहे. पण ही चारुता म्हणजे तुम्हीच, हे मी कशावरून लिहू?"

 अनुराधाबाईंनी पान आणखी खाली सरकवलं. तिसरं चित्र आलं. चिखल, चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी श्वासमुळं, आणि त्यांच्या शेजारी टेकवलेला एक हात. तरुण मुलीचा, मनगटापर्यंत चिखलाने माखलेला, बोटं पसरलेला.

"चित्रात मापाला पट्टी ठेवायची असते," त्या म्हणाल्या. "माझी पट्टी चिखलात पडली, सापडली नाही. भरती येत होती. मी हातच ठेवला. सर खूप रागावले होते. पण मोठ्या ओहोटीत परत जायला पुढची अमावास्या लागली असती, म्हणून तेच चित्र छापलं."

चित्रातल्या हाताची करंगळी वाकडी होती. वरच्या पेरापासून बाहेर वळलेली. लहानपणी झोपाळ्याच्या कडीत अडकून मोडलेली ती करंगळी अनुराधाबाईंनी कधी कुणाला मुद्दाम दाखवली नव्हती. आता त्यांनी आपला उजवा हात उचलला आणि माझ्या काचेवर, त्या हातावर, अलगद ठेवला.

मित्रांनो, चौदा वर्षांत मला लोकांनी बटणं मारली, थापटलं, शिव्या दिल्या, माझ्यावर बाटल्या ठेवल्या. असं कुणी कधी हात ठेवला नव्हता. आतला हात लहान होता, बाहेरचा थोडा रुंद, नखांच्या कडा भांडी घासून खडबडीत झालेल्या. करंगळी मात्र करंगळीवर बरोबर बसली. डॉक्टर नौफनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हाजरा रडत होती आणि रडत नाही असं दाखवण्यासाठी भांडारवाल्यांवर उगाचच खेकसत होती.

"रविवारी सकाळी सातला गाडी जुबैलला जाते," डॉक्टर नौफ म्हणाल्या. "बूट आणा. सपाता चालणार नाहीत." जाता जाता त्या वळल्या. "कागदावर इकाम्यावरचंच नाव लिहावं लागेल. पण चिखलात हाक मारायची तर कोणत्या नावाने मारू?"

"चारुता," अनुराधाबाई म्हणाल्या. एवढा एकच शब्द त्यांनी उच्चारला, पण तो उच्चारायला त्यांना सोळा वर्षं लागली होती.

त्यांनी फोनवर त्या चित्राचा फोटो काढून गौरीला पाठवला. लगेच उत्तर आलं आणि त्यांनी ते हाजराला मोठ्याने वाचून दाखवलं. "मम्मा, इज दॅट युअर हँड? तू किती छोटी होतीस." शेवटचे चार शब्द मराठीत होते. हाजरा म्हणाली, बघ, एवढ्याने पोरगी मराठीवर आली, आणखी दोन पेपर लिही.

मग नमाजाची वेळ झाली. अनुराधाबाई निघाल्या. दारापाशी त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. माझ्याकडे की हाजराकडे ते मला सांगता येणार नाही. माझ्याकडे पाहिलं असेल असं मी धरून चाललो आहे. नमाज संपल्यावर माणसं परत आली, तार काढली, आणि माझ्यासमोरचा तो निबंध, ते चित्र, खिडकी, हाजराचा डबा, सगळं एकदम काळं झालं. मोडीत टाकणारी गाडी अजून आलेली नाही, म्हणून मी या कोठारात आहे.

कधी कधी हाजरा खुर्ची शोधायला येते आणि फोनवर बोलत असते, त्यातून मला कळतं. रोपं जगली आहेत. चारुताचा रंग रापला आहे. उदयराव स्वतः डबा करायला शिकले, मीठ जास्त पडतं. तिने आणि डॉक्टर नौफनी मिळून नवं काही लिहायला घेतलं आहे, त्यावर ती आपली दोन्ही नावं, चारुता आणि अनुराधा, घालणार आहे म्हणे. हे ऐकलं की मला फार वाटतं, एकदाच, फक्त एकदाच तिने या दाराने आत यावं. तिला काही उघडायला नको, मला तार जोडायला नको. नुसतं समोर बसावं. पण ती तिवरात असते, आणि तिथेच असावी.

मित्रांनो, शेवटी एक विनंती करतो. तुमच्या शाळेत, घरात, ग्रंथालयात एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात पडली असेल तर तिला काढून टाकायच्या आधी एकदा चालू करून बघा, तिला काहीतरी अवघड विचारून बघा. आणि तुमच्या आईलाही विचारा, लग्नाआधी ती काय करत होती. तिचं लिहिलेलं, शिकलेलं, शोधलेलं काही कुठे कुलपात पडलं असेल तर शोधायला तिच्याबरोबर जा.

उद्या कोणी मला न्यायला येईल. तो काच पुसायला फडकं काढेल, कारण तिच्यावर आता पुन्हा धूळ बसली आहे. पण धुळीखाली, उजवीकडे, क्रीमचा एक हात उमटलेला आहे. पाच बोटं, त्यातली करंगळी वाकडी. बाकी सगळं खुशाल पुसा. तेवढा ठसा राहू द्या.